तांब्याच्या तळाचा हिरवा डाग

माझ्या झाकणाचे आटे आता नीट बसत नाहीत, त्यावरूनच मित्रांनो, माझे वय ओळखा. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल. एके काळी झाकण फिरवून आवळले की बैलगाडीत आडवा पडलो तरी माझ्यातून थेंब सांडत नसे. सध्या मी आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या एका घरात मोडीच्या पोत्यात, फुटक्या कढईखाली पडलो आहे. भांडेवाला शनिवारी येणार आहे. तोवर माझी हकीकत सांगू द्या. आजवर ऐकून घ्यायला कोणी थांबलेच नाही.

तांबटाने मला ठोकून घडवले आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई लावली. निजामाचे राज्य गेले, इचोड्याच्या शाळेत मराठीचे वर्ग सुरू झाले, आणि रेणुकाबाईंना तिथे चित्रकला शिकवायची नोकरी लागली. त्याच महिन्यात त्यांनी मला घरी आणले. बाईंचा एक नेम होता. रोज तुळशीला पाणी घातल्यावाचून त्या स्वतः घोटभरही पाणी प्यायच्या नाहीत. ते पाणी माझ्यातून जाई. चित्रालाही माझेच पाणी, पण कुंचला माझ्यात कधी बुडाला नाही. बाई करवंटीत थोडे ओतून घेत आणि रंग तिच्यात कालवत. "तू देवाचा आहेस," असे मला पुसताना म्हणत. मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात चित्रकला शिक्षकांच्या एका मंडळाने लंकेची सहल काढली. नऊजण जाणार, जागोजागी बसून जलरंगात चित्रे काढणार. बाईंचे नाव लागले. त्यांच्या सासूबाई गयाबाई ओसरीवर बसून होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला.

"लंकेले चालली का तू?" त्यांनी विचारले. "मंग सीतामाईनं जे पानी पाह्यलं, ते मले कागदावर काढून आन. ह्या डोळ्यांत उजेड हाय तवर आन."

"आणते, आत्याबाई," बाई म्हणाल्या. मी तेव्हा त्यांच्या हातातच होतो. त्यांची पकड घट्ट झाली.

प्रवासात मात्र आमची फार ओढाताण झाली. आगबोटीवर बाईंना उलट्या झाल्या. समुद्र पार केला, पण मान वर करून तो पाहता आला नाही. पुढे रोज सकाळी परमुलखात तुळस शोधायची. कोणाच्या अंगणात सापडली की हातवारे करून परवानगी मागायची, पाणी घालायचे, नमस्कार करायचा. तोवर इकडे चांगल्या जागा इतरांनी धरलेल्या असत. मंडळाचे प्रमुख सुधाकरराव शिट्टी वाजवून वेळ मोजत. सगळ्यांनी एकाच झाडाखालून एकच देऊळ काढायचे, असा त्यांचा खाक्या.

"रेणुकाबाई, तुमची पूजा होईपर्यंत आमचं ऊन उतरतं," ते म्हणत.

"उरलेल्या उन्हात काढते, सर," बाई हळूच म्हणत. त्यांचे बोलणे असेच. मला वाटे, एकदा तरी आवाज चढवा हो बाई.

समुद्र सुधाकररावांनी शेवटच्या दिवसासाठी राखला होता. नेमकी त्या दिवशी तुळस सापडेना. सापडली ती पार गावाच्या टोकाला. बाईंनी माझ्यातले जवळजवळ सगळे पाणी तिला घातले, उरलेले चूळभर स्वतः प्यायल्या आणि धावत किनाऱ्यावर आल्या. बाकीचे चित्रे संपवून कागद वाळवत होते. नळ अर्धा मैल मागे. बस सुटायला अर्धा तास.

बाईंनी मला उचलले आणि लाटेत धरले.

समुद्राचे पाणी खारट असते हे त्यांना ठाऊक होते. मुलींना त्या शिकवतही असत. पण रंगाला खारट काय आणि गोड काय, असे त्यांना वाटले. समुद्रापासून शेकडो मैल दूर, कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार? जवळ उभी असलेली एक कोळीण हात हलवून नको नको म्हणत होती.

"पीत नाही हो बाई, रंगाला घेतेय," बाई मराठीतच तिला म्हणाल्या.

मला मात्र त्या पाण्याची चव पोटात उतरताच कळली होती. मला वाचा असती तर! मित्रांनो, भांड्याचा जन्म म्हणजे नुसते ऐकत राहायचे.

चित्र सुरेख उतरले. निळ्यात मिसळलेला हिरवा, वर आभाळाची फिकट पट्टी. पण मिठाच्या पाण्याने कागद वाळेना. शिट्टी झाली. उरलेले पाणी ओतून बाईंनी घाईत माझी फिरकी आवळली. तो ओलावा घरी येईपर्यंत माझ्या पोटात कोंडून राहिला. कल्हई खाल्ली गेली, तळाला हिरवा डाग पडला. तेव्हापासून मी पिण्याच्या कामाचा राहिलो नाही, तुळशीच्याही नाही.

परतल्यावर सुधाकररावांनी सगळी चित्रे प्रदर्शनासाठी जमा करून घेतली.

"एवढं एक घरी नेऊ द्या, सर. सासूबाईंना दाखवून लगेच परत करते."

"सहल मंडळाची आहे, तुमच्या सासूबाईंची नाही."

मग सुरू झाल्या मंडळाच्या आदिलाबादच्या कचेरीच्या खेपा. बाई मला नव्या कामाला लावून बरोबर नेत. माझ्यात आता कुंचले उभे असत. मंडळाचा कारभार पाहणारे भगवंतराव आधी म्हणाले, "प्रदर्शन होऊ द्या." नोव्हेंबरात भाषेवरून जुन्या निजामी राज्याचे तुकडे झाले, तेव्हा म्हणाले, "मंडळ वाटून राह्यलो बाई आमी. मराठी मास्तरांच्या चित्रांची पेटी मुंबई राज्यात जाईन."

"पण मी तर इचोड्यातच आहे."

"तुमी इकडं, तुमची मिसल, म्हंजे फाईल, तिकडं. मी काय करू? दरख्वास्त द्या."

बाईंनी चार अर्ज दिले. घरी गयाबाई सुरुवातीला रोज विचारत, "आनलं का?" मग आठवड्याने विचारू लागल्या. संक्रांतीनंतर त्यांनी विचारणेच सोडले. सुनेने कोणत्या रंगाचे लुगडे नेसले तेही त्यांना दिसेनासे झाले होते.

आषाढात भगवंतरावांनी स्वतःच निरोप धाडला. चित्राची गुंडाळी बाईंच्या हातात देत म्हणाले, "घेऊन जा हे. पाऊस लागल्यापासून घाम सोडून राह्यलं. बाजूची चार चित्रं खराब केली यानं. तिकडचे लोक याले हात लावत नाहीत."

घरी येऊन बाईंनी कागद उलगडला. निळा रंग ओघळून खाली आला होता, आभाळ समुद्रात बुडाले होते. मला त्यांनी जमिनीवर ठेवले, ते जरा आपटूनच. तेवढाच त्यांचा राग.

"कागद वाजला," आतून गयाबाई म्हणाल्या. "आनलं का?"

"खराब झालं, आत्याबाई. पाणी सुटून राह्यलं त्याला."

"इकडं आन."

म्हातारीने कागदावर तळवा फिरवला. बोटे ओली झाली. सवयीने तिने एक बोट जिभेला लावले.

"खारं हाय गं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, माझ्या पोटातल्या डागाकडे. "समुद्राचंच पाणी घेतलं होतं मी रंगाला," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग तेच पानी हाय हे. काऊन रडून राह्यली तू?"

त्या पावसाळ्यात गयाबाई रोज देवपूजेनंतर चित्र मागून घेत आणि त्यावर हात ठेवून बसत. आता त्या नाहीत, रेणुकाबाई नाहीत, चित्र वाळवीने खाल्ले. बाईंच्या नातसुनेने मला उघडून पाहिले, नाक मुरडले आणि पोत्यात टाकले.

मित्रांनो, घरातले डागाळलेले भांडे मोडीत घालण्याआधी चिंच लावून एकदा घासून पाहा. डाग निघाला नाही, तर घरातल्या जुन्या माणसाला विचारा, तो कशाचा आहे. शनिवार परवावर आला आहे. मला अजून कोणी विचारलेले नाही.