परीक्षेला बसणारी गाठ

गळ्याच्या मधोमध लिंबाएवढी गाठ घेऊन जन्मलेला माणूस एरवी तोंड लपवत फिरला असता. गाठमास्तरांनी मात्र तिच्या जोरावर वीस वर्षं भाव खाल्ला. मेडिकल कॉलेजच्या प्रत्येक परीक्षेला, विद्यार्थ्यांनी तपासायचा पेशंट म्हणून, चार नंबरची खाट त्यांची. निम्म्या शहराचे डॉक्टर त्याच गाठीवर बोटं फिरवून पास झालेले. मास्तरांनी जीभ बाहेर काढली की गाठ टुणकन वर उडायची. एकदा म्हणे अशी उडाली, की परीक्षकांचा चष्माच पडला! गाठ जन्मजात, निरुपद्रवी, उत्तर ठरलेलं.

"काढून टाका की एकदाची," बायको म्हणायची.

"मग मला सर कोण म्हणेल?"

कारण विद्यार्थ्याने 'सर' म्हटलं, तरच मास्तर कुजबुजत, "जीभ काढायला सांग."

त्या वर्षीची मुलगी 'काका' म्हणाली. वर पाठीमागे उभी राहून अख्खी मान चाचपू लागली.

"गाठ पुढे आहे, बाई! मालीश करतेस का?"

तिची बोटं डाव्या खांद्याच्या मुळाशी, हाडामागच्या खळगीत थबकली. "काका, इथे दुसरी आहे. वाटाण्याएवढीच, पण दगडासारखी. हलतही नाही. वजन उतरलंय का?"

उतरलं होतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. पण 'सर' न म्हणणारीला उत्तर कसलं द्यायचं? तिने कागदावर 'पोटातला कॅन्सर मानेत चढला आहे' असं लिहिलेलं वाचून त्यांनी परीक्षकांनाच हाक मारली, "साहेब, हिला माझ्यात कॅन्सर सापडला!"

हशा पिकला. परीक्षक स्वतः याच गाठीवर पास झालेले. "वीस वर्षं नव्हती, आज तुझ्यासाठी उगवली?" म्हणत, मानेला बोटही न लावता त्यांनी तिला नापास केलं.

"काका, निदान सुई घालून तपासून घ्या," ती रडत म्हणाली.

"आधी पास हो."

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा चार नंबरची खाट. वाटाण्याने लिंबाला केव्हाच मागे टाकलं होतं. नापासांच्या रांगेतून तीच मुलगी आली आणि तिने कागदावर मागचंच वाक्य लिहिलं: पोटातला कॅन्सर मानेत चढला आहे.

"शाब्बास! अचूक निदान," परीक्षक म्हणाले. "किती उशीर झालाय?"

"सहा महिने, सर."

"पूर्ण मार्क!"

ती निघाली, तशी मास्तरांनी तिच्या कोटाचं टोक धरलं. आवाज पार बसला होता.

"मॅडम... जीभ काढू?"

"नको, काका," तिने टोक हळूच सोडवून घेतलं. "ते आता कुणी विचारत नाही."