मनमिळाऊ वगळून

“मनमिळाऊ काढ,” डोळे न उघडताच रखमाजी म्हणाले.

नकुशीनं वहीतल्या शब्दावर रेघ मारली. “का? न्हाई का तुमी मनमिळाऊ?”

“हाय का न्हाई, ते कोण बघतंय? तात्याबाला वापरलाय तो शब्द.”

तात्याबानं बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाचा कान चावून तोडला होता. पण त्याच्या दहाव्याला नदीच्या घाटावर रखमाजी कोळप्यांनी माइक हातात घेतला आणि त्याला मनमिळाऊ केलं ते केलंच. भाऊ पहिल्या रांगेत बसून उरलेल्या कानानं ऐकत होता आणि मान डोलवत होता.

“मग धार्मिक लिहू?”

“धार्मिक बबनरावाच्या बापाला. कष्टाळू सगळ्यांनाच. कष्टाळू म्हणलं की लोक चपला शोधाया लागत्यात.”

रखमाजी पोटापुरते हायस्कुलात क्लार्क होते. पण भीमेच्या दोन्ही काठांवर, इकडे कासुर्डीपासून पलीकडे शिरूर तालुक्यातल्या गावांपर्यंत, लोक त्यांना ओळखायचे ते दहाव्याच्या माइकमुळे. कावळा पिंडाला शिवेपर्यंत माणसं घाटावर बसून राहणार, आणि माणसं बसलेली दिसली की पुढारी बोलणार. कुणाला आधी उठवायचं, कुणाला शेवटी, कुणाचं नाव राहिलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरेल इतका राग येईल, हे सगळं रखमाजींच्या डोक्यात असे. बरेचदा बोलणाऱ्यानं मयताला जन्मात पाहिलेलं नसायचं. मग रखमाजी त्याच्या कानात नाव, वय आणि दोन गुण सांगत. पुढारी त्या दोन गुणांवर दहा मिनिटं काढायचा.

बत्तीस वर्षं हे केलं. आता लिव्हरनं उचल खाल्ली होती. पोट घागरीसारखं फुगलं होतं, डोळ्यांत हळद उतरली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, आवडीचं खायला घाला. या वाक्याचा अर्थ रखमाजींना समजावून सांगायची गरज नव्हती. घाटावर रडणाऱ्या शेकडो पोरांनी त्यांना तो सांगितला होता. घरी आल्यावर त्यांनी एवढंच ठरवलं, की आपला मजकूर आपणच करायचा. दुसऱ्या कुणाच्या हातात दिला तर वाट लावतील.

थोरल्या दोन लेकी रविवारी यायच्या, पायाशी बसून रडायच्या आणि शेवटची एसटी गाठायच्या. तिसरी नकुशी शिरूरच्या कॉलेजात ऑफिसला होती. तिनं रजा टाकली आणि वही घेऊन खाटेशी बसली. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली होती. या दुखण्यात माणूस जायच्या आधी भ्रमात जातो. शुद्धीचे आठ दिवस, फार तर दहा. परवा सकाळी रखमाजींनी बायकोला, कुशाबाईला, “या सरपंच, बसा,” म्हटलं होतं. कुशाबाई हसली, आणि मग चुलीकडं तोंड करून बसली. नकुशीनं तेव्हापासून दिवस मोजायला घेतले होते. तिला आप्पांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती आप्पांनाच सांगायची होती, आप्पांच्या जागी पडून राहिलेल्या माणसाला नव्हे.

“आता बोलणाऱ्यांची यादी घे,” रखमाजी म्हणाले. “पहिलं नाव सोपानराव. त्यांना लांब जायचं आसतंय. मग चेअरमन. मग…”

सात नावं झाली.

“आठवं माझं घाला,” नकुशी म्हणाली.

रखमाजींनी डोळे उघडले. “लेकी बोलत नसत्यात दहाव्याला.”

“मग काय करत्यात?”

“रडत्यात.”

“आन् सैपाक करत्यात,” चुलीपासून कुशाबाई म्हणाली.

“आवो, माइक तुमच्याकडं. तुमाला कोण आडवणार?”

“मी कुठं आसणार तवा?” रखमाजी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच जरा उशिरा कळलं.

“मग आत्ताच बोलते,” नकुशी म्हणाली.

“बोल. पर उभी ऱ्हा. बसून श्रद्धांजली नसती.”

ती उठली. वही मिटून खाटेवर ठेवली.

दोन मुलींवर ती तिसरी. आजीनं सांगितलं, हिचं नाव नकुशी ठेवा, म्हणजे देवाला कळेल आणि पुढचा मुलगा होईल. देवाला काय कळलं कोण जाणे, पुढचं कुणीच झालं नाही. नाव मात्र राहिलं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर समृद्धी लिहिलं, तेव्हापासून नदीच्या त्या काठाला ती समृद्धी मॅडम आणि या काठाला नकुशी. नावाचं तिला फारसं दुःख नव्हतं. गावात तिच्याशिवाय आणखी दोघी होत्या. हाक मारली की तिघी ओ द्यायच्या.

“माझे वडील रखमाजी कोळपे,” तिनं सुरुवात केली. आवाज कॉलेजातला निघाला, म्हणून ती थांबली आणि घरातल्या आवाजावर आली. “आप्पा, मला धाव्वीला ब्याऐंशी टक्के पडले. केंद्रात पहिली आले मी. शाळेत सत्कार होता आन् माइक तुमच्याच हातात. दुसरा आलेल्या ज्ञानेशचं नाव तुमी बापाच्या नावासकट, आडनावासकट तीनदा पुकारलं. तुमचा आवाज तवा नदीपल्याड जायचा. माझी पाळी आली, तवा म्हणाला, ‘आणि आमची तिसरी कन्या.’ तेवढंच. मी वर गेले, गुलाबाचं फूल घेतलं आन् खाली आले. कुणाला कळलंबी न्हाई कोण पहिलं आलं ते.”

“ते काढ,” रखमाजी म्हणाले.

“न्हाई काढत.”

“लोक काय म्हंतील?”

“लोक कुठं हायत? आईच हाय.”

“मला ठाऊक हाय ते,” कुशाबाई म्हणाली. “चालू द्या.”

रखमाजींचा हात पांघरुणावर इकडून तिकडे फिरला. “लाज वाटली मला,” ते म्हणाले. “तुझी न्हाई. साऱ्या गावाला चांगले शब्द वाटत हिंडायचो. आन् घरात ठेवल्यालं नाव त्येच्यात कसं पुकारायचं? गळ्यातच बसलं.”

“तवाच कळलं होतं मला.” नकुशीनं पदरानं नाक पुसलं. “म्हणून पुढचं सांगते. दुसऱ्या दिशी तुमी मला सायकलवर डबलशीट दौंडला नेलं, कॉलेजात नाव घालाया. सोळा किलोमीटर. शिकवायचं न्हाई म्हणून आजी आडवी झाली हुती, तर तिच्या बाजूनं सायकल काढली. सबंध वाट एक शब्द बोलला न्हाई. कॅनॉलचा चढ आला, तुमाला धाप लागली. मी म्हणलं, उतरते. तर तुमी…”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बबनराव आले होते, पंचायत समितीचे माजी सभापती, मागं दोन कार्यकर्ते आणि शहाळ्यांची पिशवी. आजाऱ्याला भेटायला ते नेहमी पिशवी दुसऱ्याच्या हातात देऊन येत.

घाटावर हे ठरलेलं असायचं. पुढारी मांडवात शिरला की बोलणाऱ्यानं जिथं असेल तिथं थांबायचं, आणि रखमाजींनी म्हणायचं, ‘आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे…’ कित्येक पोरांचे हुंदके त्यांनी असे मधेच थांबवले होते. पोरांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. नकुशीचा आवाज आपोआप बंद झाला. तिनं कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पदरानं पुसायला घेतली.

“काय रखमाजी, कसं हाय?” दारातूनच बबनराव म्हणाले, आणि एक बूट काढायला खाली वाकले.

रखमाजींनी हात वर केला. खाटेच्या दांडीला धरून ते इंचभर उठले. आवाज छातीतून वर यायला वेळ लागला, पण आला तो माइकवरचा होता.

“सभापतीसाहेब, जरा थांबावं. कुमारी…” ते अडले, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. “केंद्रात प्रथम आलेली माझी कन्या, नकुशी रखमाजी कोळपे, बोलत आहेत.”

मागं टेकले. मग हळू म्हणाले, “चढाचं सांगत हुतीस.”

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कुशाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बबनरावांनी आत यावं की बाहेर थांबावं याचा अंदाज घेतला. अंदाज आला नाही, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उंबऱ्यातच उभे राहिले, एक बूट पायात, एक हातात.

नकुशीनं खुर्ची सोडली आणि कॅनॉलच्या चढापासून पुढं सांगायला लागली.