बियाला ठेवलेल्या शेंगा

सहकार हा मानवजातीला सुचलेला सर्वांत उदात्त विचार आहे. नंदनवन वस्तीतल्या आमच्या सोसायटीत तो विचार शालिकराम धकाते यांच्या फाटकाशी येऊन पोचला, तेव्हा त्याच्या पायात रबरी चपला होत्या, हातात नोटीस होती आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

“धकातेजी, हे काय वाळकं लटकवून ठेवलं?” सेक्रेटरी अनंतराव झोडे यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

“वाळकं नाई जी.” शालिकराम मांडवाखालून बाहेर आले. “वालाच्या शेंगा आहे. बियाले ठेवल्या. अजून आठ दिवस लागते. वेलावरच खडखड वाजली पायजे शेंग, तवा बी पक्कं होते.”

“आठ दिवस? परवा रविवारी परीक्षक येऊन राहिले!”

एक्क्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. शहरातल्या कुठल्याशा क्लबाने ‘सुंदर वसाहत स्पर्धा’ जाहीर केली होती आणि आमच्या कमिटीच्या अंगात आले होते. रस्त्याच्या कडेला विटा तिरप्या पुरून झाल्या. त्यांना चुना झाला, गेरू झाला. दोन म्हशींना गोठ्यासकट मागच्या गल्लीत हलवण्यात आले. आता नियम क्रमांक सतरा उरला होता: घराच्या दर्शनी भागात फक्त शोभेची झाडे लावावीत.

शालिकरामांनी चौतीस वर्षे मिलमध्ये कापड विणले होते. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी अंगणात बांबू रोवून त्यावर जाड सुताचा मांडव ताणला. मागावर ताणा लावावा तसा, एकेक दोरा सारख्या अंतरावर. गाठी विणकराच्या; ज्याने मारल्या त्यालाच सुटायच्या. त्यावर त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी वालाचा वेल चढवला. दिवाळीत तो जांभळ्या फुलांनी भरला, तेव्हा झोडे पाहुण्यांना घेऊन मुद्दाम त्या घरावरून जात. त्या आधीच्या पावसाळ्यात तर त्यांनी याच अंगणातल्या एका पिवळ्या फुलाच्या झाडापुढे उभे राहून विचारले होते, “वा! विलायती आहे का हे?”

“अंबाडी व्हय भाऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. “भाजी नेता का?”

दुसऱ्या दिवशी अंबाडीला नोटीस गेली. तोवर ती शोभेचीच होती.

आताही वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “भाऊ, हे बी माझ्या मायच्या वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं. कुही गावचं. लग्नात पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं मी. तवापासून दरसाल पेरतो, दरसाल नवं बी धरतो. वालाचं बी जुनं राहत नाई, टोके पडून किडते. मायचं वावर गेलं, तो धुराही गेला. आता जे आहे ते या मांडवावर आहे.”

“बाजारात पाकीट भेटते न मावशी.”

“पेरलं होतं पाकीट. शेंगा रबरावानी! तुमच्या सायकलले लावा.”

झोडे हसले नाहीत. सेक्रेटरी झाल्यापासून त्यांनी ते सोडले होते.

“मी समोरून पांढरं धोतर ताणून देतो,” शालिकराम म्हणाले. “वेल दिसणारच नाई.”

“नियम बारा. दर्शनी भागात कपडे वाळवायचे नाईत.”

“वाळवून नाई राहिलो जी. झाकून राहिलो.”

“ते कमिटी ठरवीन.”

कमिटी त्याच संध्याकाळी बसली. सात जण होतो. त्यातले पाच जण मॅट्रिक होईपर्यंत खेड्यात राहिलेले. खुद्द झोडे उमरेडकडच्या एका गावचे. बियाला शेंग ठेवली म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या आईने हंडी राखेने भरून त्यात बी ठेवले होते आणि त्याचेच पीक खाऊन आम्ही कारकून, मास्तर, ओव्हरसियर झालो होतो. पण ही गोष्ट मोठ्याने म्हणणे म्हणजे आपण कुठून आलो हे मिनिटबुकात नोंदवणे. झोडे म्हणाले, “वाळलेली झुडपे काढून टाकण्याचा ठराव.” सात हात वर झाले. एक माझा होता. दुसऱ्या हातात चहाची बशी होती, त्यामुळे तो झाला नाही.

शनिवारी सकाळी सोसायटीचा माळी नत्थू विळा घेऊन फाटकाशी आला. मागे झोडे, त्यांच्या मागे आम्ही दोघे-तिघे, साक्षीला.

नत्थूने मांडवाखाली उभे राहून वर पाहिले आणि एक शेंग कानाशी हलवली. “साहेब, बियाच्या आहे ह्या. घंटाभर द्या, मी तोडून देतो मावशीले.”

“कच्च्या तोडून काय करू, माती?” वच्छलाबाई म्हणाल्या. “आठ दिवस मागून राहिली मी. घंटा नाई मागत.”

“नत्थू, टाइम नाई आपल्याजवळ,” झोडे म्हणाले. “चुनेवाला खोळंबून राहिला.”

नत्थूने गाठी सोडून पाहिल्या. एकही सुटेना.

“नाई सुटत त्या,” शालिकराम म्हणाले. “काप.”

विळा चालला. मांडव एका बाजूने खाली आला, मग सगळाच. वच्छलाबाई झोड्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अनंता,” त्या म्हणाल्या. सोसायटीत त्यांना कोणी अनंता म्हणत नसे. “तुह्या मायनं बी ठेवलं नसतं, त तू काय खाऊन एवढा झाला असता रे? गेरू?”

झोड्यांनी खर्रा थुंकायला जागा शोधली. सगळीकडे ताजा चुना होता. त्यांनी तो गिळला.

नत्थूने वेल हातगाडीत भरला. कचऱ्याची गाडी सोमवारशिवाय येत नसे आणि ढीग परीक्षकांना दिसला असता, म्हणून झोड्यांनी तो पाण्याच्या टाकीमागे नेऊन लगेच पेटवायला सांगितले. वच्छलाबाई घरातून सूप घेऊन धावत तिथे पोचेपर्यंत वेल धडधडून पेटला होता. शेंगा तडतड फुटत होत्या. त्यांनी काठीने ढीग पसरला, पदर सांभाळत राखेत हात घातला. आम्हांपैकी कोणी पुढे झाले नाही. नत्थू तेवढा पाण्याची बादली घेऊन आला. झोड्यांनी त्याला बोलावले तरी तो वळला नाही.

मूठभर दाणे निघाले. वच्छलाबाईंनी ते घरी आणून दारातल्या ओट्यावर पातेल्याएवढ्या गंजात पाणी घेऊन त्यात सोडले. जिवंत बी तळाला बसते, मेलेले वर राहते. ही परीक्षा आम्हां सर्वांना ठाऊक होती, म्हणून फाटकाबाहेर आम्ही थांबलो. शालिकराम वच्छलाबाईंशेजारी उकिडवे बसले. त्यांनी बोटाने एक दाणा खाली दाबला. बोट काढल्यावर तो वर आला.

“राहू दे वं,” ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी गंज उचलला नाही. शालिकरामांनीच उचलला, कापलेल्या वेलाच्या बुडाशी ओतला आणि पालथा घालून ठेवला.

रविवारी प्रत्येक घरधन्याने फाटकाशी उभे राहायचे असे ठरले होते. शालिकराम धुतलेला सदरा घालून उभे होते. मागे सारवलेले मोकळे अंगण होते. परीक्षकांपैकी एका बाईंनी जीपमधून वाकून विचारले, “आजोबा, तुम्हाला बागेची आवड नाही वाटतं?”

“नाई जी,” शालिकराम झोड्यांकडे पाहत म्हणाले. “आमचं साफ आहे.”

जीप पुढे गेली. परीक्षकांनी झोड्यांच्या घरी आलुबोंडे खाल्ले, चहा घेतला, चुन्याचे कौतुक केले.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. स्पर्धेत दोनच वसाहती होत्या. आमचा दुसरा नंबर आला.