कागदावरचं ‘नाही’

भांडी घासायचं लिक्विड बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तपासणी माझ्याकडे. कारखाना दिरांचा. एकोणीस वर्षं मी दर खेपेच्या कागदावर ‘घातक अंश’ या रकान्यात ‘नाही’ लिहून सही ठोकत आले. यंत्राला दहा लाखांत दहा भागांच्या खालचं दिसतच नव्हतं, आणि नियमही दहाचाच होता. मग काय, आनंदीआनंद!

यंदा नियम दहावरून एकवर आला. भाऊजींनी कुरकुरत का होईना, नवं यंत्र घेतलं, जास्त शुद्ध कच्चा माल आणला. नवा माल झोकात पास झाला. दर खेपेची एक बाटली आम्ही पाच वर्षं राखून ठेवतो, त्याही मी सहज तपासल्या. सहा. सात. सहा. एक तर आठ.

त्याच आठवड्यात रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. वर्षभराची ऑर्डर द्यायची होती, पण गेल्या पाच वर्षांत हा अंश तुमच्या मालात होता का, ते तपासणाऱ्याच्या सहीनिशी कळवा, म्हणे. नव्या मालाचा खर्च याच ऑर्डरवर निघणार होता. ती गेली, तर दोन पाळ्यांची एक पाळी होणार होती.

“वहिनी, जुन्या कागदांवर ‘नाही’च आहे. तेच उतरवून द्या,” भाऊजी म्हणाले.

“तेव्हा दिसत नव्हतं. आता दिसलंय.”

“नियम मोडला होता का आपण?”

“नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची! कशाला उघडताय?”

माझं डोकंच सणकलं. “तुम्हीच करा मग सही! माझ्या हातून व्हायची नाही. इतकी वर्षं ‘नाही’ लिहिलं, तिथे ‘दहाच्या खालचं दिसत नाही’ एवढं लिहायला काय माझी बोटं झडली होती?”

ते तणतणत निघून गेले. मी पत्र लिहिलं. सगळे आकडे दिले, यंत्राचंही लिहिलं, आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वाटलं, फाडणार. संध्याकाळी पाहिलं तर माझ्या सहीखाली त्यांची सही.

“तोंडाला फेस आणलात तुम्ही,” एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला गेली होती. त्यांनी ‘कधीच नव्हता’ असं लिहून दिलं होतं.

भाऊजी दुसऱ्या पाळीच्या लोकांना सांगायला उठले. मला रडू आवरेना.

“भाऊजी, माफ करा मला.”

“पत्राबद्दल? अहो, सही मीही केलीय.”

“पत्राचं नाही हो. ते खरंच होतं. आधीच्या एकोणीस वर्षांबद्दल म्हणतेय.”

ते दारातच थांबले. मग परत येऊन माझ्यासमोर बसले. पाळी सुटायला अजून दहा मिनिटं होती.