पेटी मोडायची सभा

रविवार असूनही प्रियांकाचा पाय घरात ठरत नव्हता. चहा ठेवायची, तो ओट्यावर गार व्हायचा. केर काढायला घ्यायची, झाडू दाराशीच राहायचा. नवरा राजरत्न पेपर वाचत असल्याचं नाटक करत बसला होता. संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये वस्तीची सभा होती आणि आजारपेटी मोडायची की नाही, हे तिथे ठरायचं होतं.

कल्याण पूर्वेच्या त्या वस्तीत आजारपेटी ही साधीसुधी गोष्ट नव्हती. प्रत्येक घराने दर महिन्याला तिच्यात काहीतरी टाकायचं आणि कोणी दवाखान्यात पडलं की ती उघडायची. आजाऱ्याचं वय किती, दुखणं जुनं की नवं, असलं काही विचारायचं नाही. शेजारच्या शांताआत्या दारोदार फिरून पेटी भरून आणायच्या. टाळाटाळ करणाऱ्याच्या उंबऱ्यावर त्या सरळ फतकल मारून बसायच्या, त्यामुळे टाळाटाळ फारशी कोणी करत नसे. पण पेटी जुन्या काळातली आणि बिलं आताची. गेल्या वर्षी वस्तीतल्याच मेघनाचे सासरे तानाजी हृदयाच्या दुखण्याने आडवे झाले, तेव्हा सगळी पेटी पालथी केली तरी ऑपरेशन होईना. पैशांची जुळवाजुळव चालू असतानाच ते गेले.

तेव्हापासून वस्तीत दोन तट पडले. तरुणांचं म्हणणं, पेटी मोडा आणि त्या पैशांतून सगळ्या वस्तीचा मिळून आरोग्य विमा काढा. म्हाताऱ्यांचं म्हणणं, कंपनीच्या घशात पैसे घालायचे आणि वर्षभर ठणठणीत राहिलो तर काय बोंबलत बसायचं? रिक्षा स्टँडवर हाच विषय, लग्नाच्या पंगतीतही हाच. एका साखरपुड्यात तर व्याही बिचारे वरणभात समोर घेऊन हप्त्यावरचं भांडण ऐकत बसले होते.

विम्याची कल्पना प्रियांकाचीच. ठाण्याला खोपटच्या एका खाजगी हॉस्पिटलात ती कॅशलेसच्या काउंटरवर बसायची. कोणाचं बिल कंपनी भरते आणि कोण दागिने मोडायला पळतं, हे रोज बघायची. शांताआत्यांनाही तिनेच पटवलं होतं. आत्या काही केल्या ऐकेनात, तेव्हा शेवटी ती म्हणाली होती, “आत्या, डॉक्टरांनी तुम्हाला हृदयात स्टेंट टाकायला सांगितलाय ना? विमा झाला की तो फुकटात बसेल.” प्रियांकाची मुलगी आत्यांच्याच मांडीवर वाढलेली. प्रियांकाच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. त्या फिरल्या, आणि एकदा फिरल्यावर अशा फिरल्या की विम्याचा प्रचार करायला स्वतःच घरोघर जाऊ लागल्या.

आणि काल डोंबिवलीहून विमा एजंट जयेश म्हात्रेचा फोन आला.

“ताई, काही नावं काढावी लागतील. आधीपासून हार्ट, किडनीचं आहे ना, ती. ती धरली तर सगळ्यांचाच हप्ता जवळजवळ डबल होतो. वगळली तर रेट जमून जाईल.”

त्याने वाचून दाखवलेलं पहिलं नाव शांताआत्यांचं होतं.

“सभेत सांगावं लागेल,” प्रियांका पेपरच्या पलीकडे बघत म्हणाली.

राजरत्नने पेपर खाली केला. “सांग ना, आणि मग बघ मजा. डबल हप्ता कोण भरणार इथे? ठराव पडला की विमा पण गेला, आणि पेटीत असं काय आहे? आधी पास होऊ दे. आत्यांचं मागनं बघू आपण.”

“मागनं म्हणजे कधी?”

“अगं यार, डोकं नको खाऊ.”

राजरत्न वाईट माणूस नव्हता. तो वस्तीच्या समितीचा सचिव होता आणि सचिवाला ठराव पास झालेला आवडतो, एवढंच.

दुपारी ती आत्यांच्या खोलीत गेली. आत्या सभेसाठी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होत्या. दम लागत होता, पण तोंड चालूच होतं. “ऑपरेशन झालं ना, की नागपूरला जायचं बघ. मागल्या वर्षी पोरांनी हाताला धरून नेलेलं दीक्षाभूमीवर. लाज वाटली मला. यंदा माझी मी चालणार. तू पण चल, पोरीला घे.”

प्रियांकाने तोंड उघडलं आणि “येते आत्या” एवढंच म्हणून ती बाहेर पडली. दाराबाहेर आल्यावर तिला स्वतःची भयंकर चीड आली. अनोळखी माणसांना ‘तुमचा क्लेम बसत नाही’ हे ती काउंटरवर दिवसभर सांगायची. आणि जिच्या हातचं खाल्लं, तिला सांगताना दातखीळ बसली. तिने ठरवलं, आता सभेतच. सगळ्यांसमोर बोललं की माघार घेता येणार नाही.

त्या वस्तीच्या सभेची एक रीत होती. वयाने सगळ्यात मोठं जे माणूस, ते शेवटी बोलणार. त्याच्यानंतर कोणी चकार शब्द काढायचा नाही, थेट हात वर. ही रीत नसती तर त्यांच्या सभा संपल्याच नसत्या. गेली काही वर्षं ते शेवटचं माणूस म्हणजे शांताआत्या. म्हणजे प्रियांकाला जे काही बोलायचं, ते आत्यांच्या आधी बोलणं भाग होतं.

संध्याकाळी वंदना झाली आणि सभेला तोंड फुटलं. परशुरामकाका आधी उठले. एसटीच्या डेपोतून रिटायर झाले होते, पण आवाज अजून डेपोतच होता. “आपल्या पेटीने आजवर कोणाला विचारलं नाही, तुला शुगर आहे का म्हणून. कंपनी विचारणार! अन् औषधपाणी बघणं हे सरकारचं काम. टॅक्स भरायचा आपण, हप्ता पण आपणच भरायचा?”

“मग सरकारची वाट बघत बसा,” मागून कोणीतरी ओरडलं.

मेघना मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. “काका, माझ्या सासऱ्यांनी बघितलेली वाट. पेटीने काही विचारलं नाही, बरोबर आहे. पण पेटीत काही नव्हतंच.”

त्यावर जो गोंधळ उडाला, त्यात कोण कोणाच्या बाजूने बोलतंय हेच कळेना. या बाईनंतर उठू, असं प्रियांका मनात म्हणायची, तर तिसराच कोणी उठायचा. शेवटी तिने हात वर केला. राजरत्नने तो बघितला. अगदी नीट बघितला, आणि माईक उचलून म्हणाला, “वेळ झालाय. आता आत्या बोलतील.”

आत्या भिंतीला धरून उठल्या.

“मी सगळ्यात आधी नाही म्हणणारी होते,” त्या म्हणाल्या. “पेटी माझ्या हाताने भरली मी, मला तिची माया आहे. पण ह्या प्रियांकाने मला समजावलं. माझ्यासारखीचं ऑपरेशन होईल, तानाजीसारखं कोणी जाणार नाही. मोडा पेटी. माझी खुशी आहे.”

टाळ्या पडल्या. परशुरामकाकासुद्धा मान खाली घालून बसले. “ठरावाच्या बाजूने…” राजरत्नने सुरुवात केली आणि प्रियांका उभी राहिली.

“थांबा. मला एक सांगायचंय.”

हॉलमध्ये एकदम गलका झाला. आत्यांनंतर बोलायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण तिला गप्प केलं ते दुसऱ्या कोणी नाही, खुद्द आत्यांनी. “बस खाली! माझ्यानंतर कोण बोलत नाही. तुला रीत कळत नाही काय गं?”

“आत्या, ऐका तरी.”

“बस म्हणते ना!”

“आत्या, तुमचं नाव नाहीये त्यात!” प्रियांका ओरडलीच. “तुम्हाला वगळणार आहेत. हार्टवाले, किडनीवाले, सगळे बाहेर. तुम्हाला घेतलं तर सगळ्यांचा हप्ता डबल होतो. मला काल कळलं. मी दुपारी सांगायला आलेली, मला नाही जमलं.”

गलका थांबला. आत्या तशाच उभ्या होत्या. त्यांनी आधी प्रियांकाकडे बघितलं, मग राजरत्नकडे. राजरत्न माईकची वायर सारखी करायला लागला. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर प्रियांकाला बरं वाटलं असतं. पण आत्यांनी त्याला नवख्या बाईने विचारावं तसं विचारलं, “राजा, मला परत बोलता येईल का?”

रीत सगळ्या वस्तीची होती, मोडायला कोणी पुढे येईना.

“बोला आत्या,” परशुरामकाका म्हणाले.

“मला अजून जगायचंय,” आत्या म्हणाल्या. “तुम्हाला वाटेल म्हातारी झाली, आता काय. पण मला जगायचंय. मला सोडून काही करू नका.”

एवढंच बोलून त्या बसल्या. प्रियांका त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आत्यांनी तिला जागा करून दिली नाही, पण उठूनही गेल्या नाहीत.

“आत्या, माझ्या सासऱ्यांना पण जगायचं होतं,” मेघना हळूच म्हणाली.

राजरत्नने दोनदा घसा खाकरला. त्याला ना ठराव पुढे नेता येईना, ना मागे घेता येईना. शेवटी, मान वर न करता त्याने विचारलं, “हप्ता डबल झाला तरी चालेल, सगळ्यांना घेऊ, म्हणणारे कोण?”

परशुरामकाकांचा हात वर गेला, प्रियांकाचा गेला. बाकीचे मांडीवरच राहिले. वयस्कर बायका एकमेकींकडे बघत होत्या. घरी विचारल्याशिवाय त्यांना हात वर करता येत नव्हता.

“आणि ती नावं वगळून?”

पहिला हात मेघनाचा होता. ती रडत होती, कडेवरचं मूल तिच्या गालाला हात लावत होतं, पण तिने हात खाली घेतला नाही. मग मागच्या रांगांमधून एकेक हात वर यायला लागला. आत्या पहिल्या रांगेत होत्या, त्यांना मागचं दिसत नव्हतं. जमिनीला हात टेकून त्या हळूहळू वळल्या.

“आत्या, नका बघू,” प्रियांका म्हणाली.

पण आत्या पूर्ण वळल्या आणि एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या.