सकुबाईची गाणी कोणी पुसली?

मी धसईच्या बाजारातला, हरेशच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. आणि आज मी गोड बोलणार नाही.

अठ्ठ्याण्णव साली हरेशनं मला कल्याणहून एसटीनं, मांडीवर घेऊन आणलं. सगळा बाजार बघायला लोटला. "टीव्ही हाय का रे?" असं विचारायचे. माझ्यावर लग्नपत्रिका व्हायच्या. टायपिंग हरेशची बहीण समीक्षा करायची.

तिच्याकडे सकुबाई यायची. सकुबाई म्हणजे धवलारीण, आमच्याकडच्या लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणी म्हणणारी. भाजीची पाटी रिकामी झाली की दुकानात टेकायची, गाणं म्हणायची आणि समीक्षा ते टाइप करायची. "माझ्यामागं कोन म्हनल? तुझ्या डब्यात ठेव गो," म्हणायची. पत्रिका काय, आल्या नि गेल्या. पण त्या गाण्यांचा मला अभिमान होता.

मग हरेशला रंगीत प्रिंटरचं खूळ लागलं. तो माझ्या जुन्या सिस्टीमवर चालेना. कल्याणचा मेकॅनिक कान्हा म्हणाला, "नवीन सिस्टीम टाकली की जुनं सगळं उडनार. काय पायजे ते फ्लॉपीत घ्या." समीक्षानं गाणी फ्लॉपीत घेतली.

आणि मुहूर्त कोणता धरला? दसरा! हरेशचे वडील काळूराम यांनी कोयता, विळा, वजनकाटा आणि मला मांडून पूजा केली. "सकुबायची गानी हायत यात," म्हणत त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीला ओलं हळदकुंकू लावलं. म्हाताऱ्याची श्रद्धा, त्याच्यावर काय रागावू? माझा राग हरेश आणि कान्हा या दोघा शहाण्यांवर आहे. समीक्षा घरात नैवेद्याला लागलेली. ती फ्लॉपी एकदा वाचून बघायला यांना काय धाड भरली होती? मला तोंड असतं तर बोंब मारली असती. "टाइम नाय मला, गाडी जाईल," म्हणत कान्हानं मला पुसून कोरं केलं.

नंतर समीक्षानं फ्लॉपी घातली. ओल्या हळदकुंकवानं चकती बाद झालेली, नुसती घरघर. एक अक्षर निघालं नाही. कान्हा केव्हाच गाडीत बसला होता.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई आली, तशी सकुबाई आली. "एक गानं मधीच आठवत नाय गो, वाचून दाव." समीक्षाला रडू फुटलं. तर म्हातारी उलट तिलाच समजावते, "रडू नको गो, माझंच डोसकं म्हातारं झालं." अहो, तिचं काय चुकलं? तिनं तर विश्वासानं सांभाळायला दिलं होतं!

आणि नव्या सिस्टीमनं माझं तरी काय भलं केलं? ती पेलतच नाही मला. सुरू होईपर्यंत गिऱ्हाईकाचा चहा पिऊन होतो. हरेश म्हणतो, "भंगारात काढू याला."

काढ रे, खुशाल काढ! पण आधी सकुबाईच्या ओट्यावर जाऊन बस. तिला जेवढं आठवतंय तेवढं तरी लिहून घे. तिच्या डोक्यातून रोज एखादी ओळ निसटतेय, आणि तू भंगारवाल्याची वाट बघत बसलायस.