काचेपलीकडचा नकट्या

आमच्या जुन्या मागांचा आवाज असा, की शेडवरून उडणारा कावळा पलीकडे उतरेपर्यंत ठार बहिरा व्हायचा. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा. त्या गदारोळात आम्ही विणकर नुसत्या ओठांनी बोलायचो. चाळीस माग ओलांडून दिलेली शिवीही जशीच्या तशी पोचायची. सुट्टीनंतर दोन तास कान सुन्न, त्यामुळे चहाच्या बाकावरही तेच. समोरच्या मागावर नकट्या होता. त्याच्याशी मी सव्वीस वर्षं असाच बोललो.

मग परदेशी यंत्रांवरची जकात उतरली आणि मालकाने बिनआवाजाचे माग आणले. ते इतके मुके, की सूत तुटलं तरी ओशाळून गप्प उभे राहायचे. दोनशे माणसं घरी बसली, त्यात आम्ही दोघंही. बोंबाबोंब झाली तेव्हा सरकारने फर्मान काढलं: ज्या शेडमध्ये एक तरी कामगार असेल, तिला वीज अर्ध्या दरात. मालक आमचा बारा गावचं पाणी प्यायलेला. त्याने मधोमध काचेची भिंत घालून एका शेडच्या दोन केल्या. दारं दोन, फाटकं दोन, यायच्या-जायच्या वेळाही वेगळ्या. इकडे मी, तिकडे नकट्या. काम काय, तर दर अर्ध्या तासाने हिरवं बटण दाबून आपण जिवंत असल्याचं कळवायचं.

सहा वर्षं काचेतून गप्पा झाल्या. माझी बायको गेली तेव्हा तो काचेला कपाळ टेकून दिवसभर उभा राहिला. बटण दाबायचं विसरला, तर यंत्राने त्याला मेलेला धरून सगळे माग बंद केले.

यंदा फर्मान बदललं. सवलत आता शेडमागे नाही, कारखान्यामागे. मॅनेजर आला.

"काका, एकालाच ठेवायचंय. तुम्हीच ठरवा, मला पाप नको."

"तू राहा," नकट्याचे ओठ म्हणाले.

"का? मी काय लंगडा आहे?"

"मला मुलगा आहे, सून आहे, दोन कार्टी आहेत. तुझ्या घरी कोण? भिंतीवरची पाल?"

"पालीला नावं ठेवू नकोस. ऐकून तरी घेते बिचारी."

"मग तिलाही लाव कामाला."

त्याचे खांदे हसले. मला नोकरी नको होती, समोर तो हवा होता. पण हे काही ओठांवर आलं नाही.

तो मुलाकडे दूरगावी गेला. काच निघाली. शेड इतकी लांब झाली, की सकाळी फेरी मारायला निघालो तर टोकाला पोचेपर्यंत दाढी वाढायची.

आठवड्याने घरचा फोन वाजला.

"काय रे, जेवलास का?" आवाज बारीक, किनरा.

"राँग नंबर," म्हणून ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला.

तिसऱ्यांदा तो आवाज म्हणाला, "अरे गाढवा, मी नकट्या."

बत्तीस वर्षं माझ्या डोक्यात त्याचा आवाज चांगला भरदार, विहिरीतून आल्यासारखा होता.

"कशावरून?" मी विचारलं.



"तुझाही आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

मग हवापाण्याचं झालं. नातवंडांच्या शाळेचं झालं. मी फोनच्या जाळीकडे टक लावून बघत होतो.

"बरं, ठेवतो."

"हो, ठेवा," मी म्हणालो. त्याला अहोजाहो मी कधीच केलं नव्हतं. त्यानेही टोकलं नाही.